यायला हवे ३१, दिसतात ७

वाचकाचं पत्र

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या ४९ वर्षांच्या एका वाचकाचं हे पत्र आहे. ओळख पटू नये म्हणून ते थोडक्यात देत आहे. आयटीआय करून ते अंबडच्या एका कारखान्यात लागले आणि गेली २४ वर्षं तिथेच मेंटेनन्स सांभाळतात. मशीन किती वेळ बंद राहिलं याची नोंद पूर्वी वहीत व्हायची. आता दर सोमवारी एक्सेलमध्ये अहवाल द्यावा लागतो. रात्री घरी व्हिडिओ पाहून ते स्वतः शिकले, पण दोन ठिकाणी अडले. आठवड्याची बंद वेळ वहीप्रमाणे ३१ तास २० मिनिटं होते, एक्सेल ७:२० दाखवतं. शिवाय तिसऱ्या पाळीच्या काही ओळींत आकड्याऐवजी नुसत्या जाळीसारख्या खुणा येतात.

जाणकारांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर त्यांनी विचारलं, "एक्सेल टोटल नॉट कमिंग करेक्ट. अर्जंट. प्लीज हेल्प सर." तीन उत्तरं आली. दोघांनी विचारलं, काय येतंय आणि काय यायला हवं? तिसऱ्याने लिहिलं, आधी प्रश्न विचारायला शिका. त्यांनी मेसेज पुसून टाकला आणि ग्रुप सोडला.

पुढचं त्यांच्याच शब्दांत: "आमच्याकडे सगळे मला सर म्हणून विचारायला येतात, रात्री २ वाजतासुद्धा. पाळ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. पोरं धूसर फोटो टाकतात आणि खाली लिहितात, 'सर मशीन बंद'. अलार्म नंबर नाही, काही नाही. किती वेळा सांगायचं? मी चिडून लिहितो, तर आता विचारायचंच बंद केलंय. परवा तिसऱ्या पाळीत एका पोराने स्वतःच अलार्म रिसेट करून मशीनची सायकल चालू केली, टूल जॉबमध्ये, म्हणजे घडवायच्या तुकड्यात, घुसला. कोणाला लागलं नाही हे नशीब. मी कधी कोणाला मदत नाकारली नाही, आणि मला एका साध्या प्रश्नासाठी असं ऐकावं लागलं. माझं इंग्रजी कच्चं आहे हे मान्य. मुलगा म्हणतो, माणसांना विचारूच नका, एआयला विचारा. दिंडोरीला भावाची द्राक्षबाग आहे, तो म्हणतो, पैसे देऊन माणूस लाव. मी विचारणं सोडून द्यावं का?"

उत्तर

आधी तुमचं काम करून टाकू, कारण सोमवार जवळ आलाय.

जिथे ७:२० दिसतं त्या चौकटीवर जा. कंट्रोल दाबून ठेवून १ दाबा, 'फॉरमॅट सेल्स' उघडेल. त्यात 'नंबर'च्या यादीतून 'कस्टम' निवडा. 'टाइप'च्या जागी असेल ते पुसा आणि चौकोनी कंसात एच, मग कोलन, मग दोन वेळा एम असं लिहा. ओके केलंत की ३१:२० दिसेल. तुमची बेरीज पहिल्यापासून बरोबरच होती. एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा भाग म्हणून. २४ तास म्हणजे १, ६ तास म्हणजे ०.२५. तुमची बेरीज झाली एक पूर्ण दिवस आणि वर ७ तास २० मिनिटं. साध्या वेळेच्या रूपात दाखवताना ते भिंतीवरच्या घड्याळासारखं वागतं. भरलेला दिवस बाजूला ठेवतं आणि उरलेली वेळ दाखवतं. चौकोनी कंस घातला की २४ च्या पुढेही तास मोजत राहतं.

तुमची फाइल मी पाहिलेली नाही. मग हे मला कसं कळलं? तुम्ही पत्रात लिहिलंत, वहीत ३१:२० आहे आणि तिथे ७:२० दिसतं. मी वजाबाकी केली. बरोबर २४ आले. पुढे शोधायला काही उरलंच नाही. हेच दोन आकडे त्या ग्रुपवर गेले असते तर कोणीतरी चहाचा कप खाली ठेवायच्या आत उत्तर दिलं असतं.

म्हणून इंग्रजीचा जो दोष तुम्ही स्वतःवर घेतलाय तो मला मान्य नाही. तुमचं वाक्य सगळ्यांना समजलं होतं. त्यात जे नव्हतं ते अस्सल मराठीतही नसतंच. "एक्सेलची बेरीज बरोबर येत नाही, तातडीचं आहे, कृपया मदत करा" हे वाचून मीही तुम्हाला काही सांगू शकले नसते. बेरीज चुकण्याची डझनभर कारणं असतात. आकडे मजकूर म्हणून भरलेले असतात, मधली एखादी ओळ सूत्रात आलेलीच नसते, एखादी ओळ लपवलेली असूनही मोजली जाते. यातलं तुमचं कोणतं, हे ठरवायला आकडे लागतात. ३१ आणि ७ हे आकडे जगात कुठेही तसेच वाचले जातात.

मग मला लिहिताना जे सुचलं ते तिथे का सुचलं नाही? माझा अंदाज सांगते. मला लिहिताना तुम्ही वही समोर घेऊन बसला होतात, काय झालं ते सांगत होतात. तिथे मात्र आपण कमी पडतोय हे अनोळखी माणसांपुढे कबूल करायचं होतं. अशा वेळी माणूस प्रश्न आखूड करतो. जास्त सांगितलं तर जास्त अडाणी दिसू असं वाटतं. कॉलेज रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात मी १८ वर्षं फोनवरून संगणकाची मदत देण्याचं काम केलं. त्या काळात हे रोज ऐकलं. मोठ्या हुद्द्यावरची माणसं तर हमखास एका वाक्यात प्रश्न उरकायची.

त्या तीन उत्तरांकडे पुन्हा एकदा बघा, ही माझी विनंती आहे. तिसऱ्याचं बोलणं उद्धट होतं, त्याची बाजू मी घेणार नाही. ज्याला मदत करायची नाही त्याने पुढे जावं, टोचून बोलायची काही गरज नसते. पण पहिल्या दोघांनी काय विचारलं होतं? काय येतंय, काय यायला हवं. ती दोन माणसं तुमच्यासाठी थांबली होती. तो अपमान नव्हता, मदतीची सुरुवात होती. मशीन बंद पडलं की तुम्ही ऑपरेटरला पहिल्यांदा हेच विचारता ना? एकाच्या शब्दांनी इतकं लागलं की तुम्ही तिघांनाही एकाच रांगेत उभं केलंत. झालं असं की ज्यांना उत्तर देता आलं असतं तेही तुमच्या हातून गेले.

तुमचा दुसरा प्रश्न, जाळीच्या खुणांचा. त्याचं उत्तर लगेच देत नाही. तो त्या ग्रुपवर कसा लिहिता आला असता ते आधी लिहून दाखवते:

"एक्सेल, विंडोजवर. ए स्तंभात मशीन बंद पडल्याची वेळ, बी मध्ये सुरू झाल्याची वेळ. सी मध्ये बी वजा ए असं सूत्र आहे. दिवसाच्या नोंदी बरोबर येतात, उदाहरणार्थ १०:१५ ते ११:०० याचे ०:४५. पण ए मध्ये २३:३० आणि बी मध्ये ००:४५ असेल तर सी मध्ये फक्त हॅशच्या खुणा दिसतात. १:१५ यायला हवं. स्तंभ रुंद करून पाहिला, फरक पडला नाही. असं का होतं?"

हे वाचतानाच तुम्हाला उत्तर सुचलं असेल. पुष्कळदा असंच होतं. दिवसाचं बरोबर, रात्रीचं चूक, आणि रात्रीच्याही सगळ्या ओळी नाहीत, फक्त मध्यरात्र ओलांडणाऱ्या. ००:४५ मधून २३:३० वजा केले की उत्तर शून्याखाली जातं, आणि अशी उणे वेळ एक्सेलला दाखवता येत नाही. म्हणून सी मध्ये बी वजा ए हे एमओडी नावाच्या सूत्राच्या कंसात घाला, स्वल्पविराम देऊन पुढे १ लिहा. १:१५ येईल. त्या मजकुरातलं "स्तंभ रुंद करून पाहिला" हे वाक्य लहान दिसतं, पण फार उपयोगाचं आहे. जाळीच्या खुणा येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण स्तंभ अरुंद असणं हेच असतं. ते वाक्य नसतं तर पहिल्या पाच जणांनी तेच सुचवलं असतं आणि तुमची संध्याकाळ त्यात गेली असती.

अशा मजकुराचा साचा पाठ करायची गरज नाही. पण एक फरक मनात ठेवा. डोळ्यांना दिसलं ते एक, आणि त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष दुसरा. "बेरीज चुकते" हा निष्कर्ष होता आणि तो चूकच निघाला, बेरीज बरोबर होती. "७:२० दिसतं" हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं आणि ते खरं होतं. मदत करणाऱ्याला आधी पाहिलेलं द्या. तुमचा अंदाजही जरूर द्या, तुम्ही अनुभवी आहात. पण तो मागून द्या, आणि अंदाज म्हणून द्या.

ही शिस्त शिकायची तर लांब जायला नको, दिंडोरीच्या भावाला विचारा. बागेत रोग दिसला की द्राक्षवाला सल्लागाराला "बाग बिघडली" असं कळवत नाही. थॉमसन जातीची द्राक्षं आहेत, छाटणीनंतर चाळिसावा दिवस आहे, परवा पाऊस झाला, त्याआधी अमुक फवारणी झाली होती, पानावर वरून तेलकट पिवळे डाग आहेत आणि खालून पांढरी वाढ दिसते. असं सांगितलं की सल्लागाराचं लक्ष आधी डाऊनी या रोगाकडे जातं, भुरी या दुसऱ्या रोगाकडे जात नाही. आणि फोटो काढताना तो पान उलटं करून दुसरा फोटोही काढतो, कारण वरची बाजू अर्धीच गोष्ट सांगते हे त्याला ठाऊक असतं. छाटणीनंतरचा दिवस मोजायची पद्धत तर मला फार आवडते. त्या एका आकड्यात वेल कुठल्या अवस्थेत आहे ते सगळं येतं. हे कौशल्य आपल्या निफाड-दिंडोरीच्या शिवारात घरोघरी आहे. तेच संगणकासमोर बसलं की कुठे जातं?

थोडं फोटोबद्दल. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो चमकतो आणि नेमका कडेचा मजकूर कापला जातो. संगणकावरच स्क्रीनशॉट घ्या. पण चुकीची सूचना आलेली असेल तर तिचे शब्द टाइपही करा. स्पेलिंगसकट, जसेच्या तसे, मराठी न करता. ते शब्द शोधून कोणीतरी नेमकं उत्तर काढू शकतो, आणि सहा महिन्यांनी तुमच्यासारखाच अडलेला माणूसही तेच शब्द शोधत तुमच्या प्रश्नापर्यंत येतो. सूत्राचंही तसंच. चित्रातलं सूत्र कोणाला स्वतःच्या फाइलमध्ये चालवून बघता येत नाही.

"अर्जंट" आणि "प्लीज सर" याबद्दलही एक सांगते, कारण हे पुष्कळ वाचक करतात. आपल्याकडे थेट कामाचं बोलणं उद्धटपणाचं वाटतं. "सर, एक विचारू का?" असं लिहून आपण थांबतो, समोरून "विचारा" येण्याची वाट बघतो. समोरासमोर ही रीत छान आहे, ती सोडू नका. पण मेसेजमध्ये नमस्कार आणि पूर्ण प्रश्न एकत्रच पाठवा. समोरचा माणूस दिवसातून दोनदा फोन बघत असेल, तर तुमचा एक दिवस "विचारा" येण्यातच जातो. अर्जंटचं म्हणाल तर कारखान्यात तो शब्द खरा असतो, लाइन थांबते, माल अडतो. पण ऑनलाइन ग्रुपवर फुकट मदत करणाऱ्या अनोळखी माणसाला त्या शब्दाने काहीच कळत नाही. "सोमवारी सकाळी अहवाल द्यायचा आहे" असं लिहिलंत तर कळतं.

आता मुलाच्या सल्ल्याकडे येऊ. एआयला विचारा, जरूर विचारा. मराठीत विचारता येतं, रात्री १ वाजताही उत्तर मिळतं, आणि ते टोमणा मारत नाही. पण "टोटल बरोबर येत नाही" एवढंच लिहिलंत तर तेही दहा कारणं सांगेल, आणि पुष्कळदा "मला कळलं नाही" असं न म्हणता ठाम आवाजात अंदाज बांधेल. अनुभवी माणूस तुम्हाला थांबवतो, विचारतो, "पण आकडे काय आले?" त्यामुळे तिथेही वरच्यासारखाच मजकूर द्या, आणि जे सुचवेल ते मूळ फाइलवर न करता तिची नक्कल काढून त्यावर करून बघा. एका आठवड्याची बेरीज वहीशी जुळली की मग मूळ फाइल उघडा.

भावाचं म्हणणंही चूक नाही. संपूर्ण अहवाल नव्याने बांधायचा असेल, दहा मशीनची माहिती आपोआप एकत्र यायला हवी असेल, तर तेवढ्यापुरता पैसे देऊन माणूस लावा आणि त्याच्या शेजारी बसून शिका. तो खर्च कारखान्याने करावा असं मला वाटतं. काम कारखान्याचं आहे, तुमच्या घरचं नाही. वरिष्ठांशी हे एकदा बोलून बघा. पण एका बेरजेसाठी माणूस लावायची गरज नव्हती, हे वर दिसलंच.

अनोळखी माणसांची मदत घेताना दोन काळज्या मात्र घ्याच. कारखान्याची खरी फाइल पाठवू नका. ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर, ड्रॉइंग यातलं काही बाहेर जाता कामा नये. पाच ओळींची खोटी फाइल बनवा, तीच गडबड तिच्यात होते का बघा, आणि ती पाठवा. ती बनवता बनवता निम्म्या वेळा चूक कुठे आहे ते आपल्यालाच सापडतं. दुसरं, कोणी खासगीत येऊन "मी तुमच्या संगणकावर येऊन करून देतो, हे अ‍ॅप टाका" म्हणाला, किंवा ओटीपी मागितला, तर तिथेच थांबा. सूत्र दुरुस्त करायला ओटीपी कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर क्षणभरही न घालवता १९३० या हेल्पलाइनला फोन करा. पैसे जितक्या लवकर अडवायला सांगाल तितके ते वाचण्याची शक्यता जास्त.

इतर वाचकांसाठीही हे सगळं लागू आहे. "सातबारा निघत नाही" असं मला दर महिन्याला कोणीतरी लिहितं. पान उघडत नाही, गट क्रमांक सापडत नाही, चित्रातली अक्षरं टाकूनही पुढे जात नाही, की उतारा दिसतो पण छापता येत नाही? चारही अडचणी वेगळ्या आणि चारही उपाय वेगळे. कुठल्या पायरीपर्यंत नीट गेलं आणि कुठे थांबलं, एवढं सांगितलं तरी मदत करणाऱ्याचं अर्धं काम होतं.

तुमच्या पत्रातला जो भाग मला सगळ्यात जास्त लागला तो मी शेवटी ठेवला आहे. तुम्ही तो प्रश्न म्हणून लिहिलेला नाही. तो तिसऱ्या पाळीतला मुलगा.

तुम्हाला एकाने "आधी विचारायला शिका" म्हटलं आणि तुम्ही ग्रुप सोडलात. तुम्ही ४९ वर्षांचे आहात, हाताखाली माणसं आहेत, तरी ते एक वाक्य तुम्हाला पेललं नाही. तुमच्या ग्रुपवरचा पोरगा असेल बावीस-तेविसाचा. त्याने रात्री फोटो टाकला आणि त्याला सगळ्यांसमोर उत्तर मिळालं, "किती वेळा सांगायचं?" तोही गप्प झाला. तुमच्या गप्प होण्याने एक अहवाल अडला. त्याच्या गप्प होण्याने चालू मशीनमध्ये टूल घुसला, आणि तुम्हीच लिहिलंय, कोणाला लागलं नाही हे नशीब. तुमची मदत करायची इच्छा खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. रात्री २ वाजता फोन उचलणारी माणसं फार नसतात. पण पोरं विचारेनाशी झाली ती आळसाने, असं तुम्ही धरून चालला आहात. मला तसं वाटत नाही. तुम्ही ग्रुप सोडलात तो काही आळसाने नाही.

माझा एक अनुभव सांगते, आजही आठवला की वाईट वाटतं. येवल्याच्या एका दुकानातून बाईंचा फोन आला होता, बिल छापलं जात नव्हतं. मी विचारलं, "काही मेसेज आला का?" त्या म्हणाल्या, "नाही." मी दहा-बारा मिनिटं हे तपासा, ते तपासा करत राहिले, पुन्हा विचारलं, "मेसेज?" पुन्हा "नाही." माझा आवाज चढला. शेवटी त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "अहो, मोबाइल समोरच आहे, खरंच काही मेसेज आलेला नाही." स्क्रीनच्या मधोमध पूर्ण वेळ चूक लिहून आलेली होती. मेसेज म्हणजे त्यांच्यासाठी मोबाइलवरचा मेसेज, आणि त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. माझा प्रश्न चुकला होता. त्यानंतर मी तो शब्द कायमचा सोडला आणि म्हणायला लागले, "स्क्रीनवर जी अक्षरं दिसतायत ती पहिल्यापासून वाचून दाखवा."

तुमच्या "अलार्म नंबर टाका" मध्येही असंच काही अडकलं असेल का? नव्या मुलाला तो नंबर स्क्रीनवर कुठल्या कोपऱ्यात येतो हे माहीत आहे का? पान बदललं की तो दिसेनासा होतो आणि अलार्मचं पान पुन्हा कसं उघडायचं, हे त्याला कोणी दाखवलंय का? तुम्हाला ते झोपेतही कळतं, म्हणून विचारायचं राहून जातं. हातात तेलकट मोजे असताना टाइप करणं अवघड असतं हेही लक्षात घ्या. त्याला बोलून पाठवू द्या, हिंदीत, मराठीत, जी भाषा त्याला येते तीत. दहा सेकंदांच्या आवाजात तो लिहिण्यापेक्षा तिप्पट सांगेल.

आणि एका वेळी एकच गोष्ट विचारा, डोळ्यांनी दिसेल अशी. "स्पिंडल फिरतंय का?" याचं उत्तर त्याला देता येतं. "काय प्रॉब्लेम आहे?" याचं देता येत नाही, ते माहीत असतं तर त्याने तुम्हाला उठवलंच नसतं. काही करायला सांगाल तेव्हा ते केल्यावर काय दिसायला हवं तेही सांगा, म्हणजे जमलं की नाही हे त्याला तिथल्या तिथे कळेल आणि नसेल जमलं तर तो थांबेल. "सोपं आहे, नुसतं अमुक कर" हे वाक्य टाळा. ज्याला ते जमत नाही त्याला त्या "नुसतं"ने आणखी लहान वाटतं. चुकलेलं दाखवायचं असेल तर ग्रुपवर नको, त्याला एकट्याला सांगा. आणि एखाद्या रात्री तुम्हालाच उत्तर ठाऊक नसेल तर सरळ लिहा, "मला माहीत नाही, हात लावू नको, सकाळी बघू." सर म्हणवणाऱ्याने असं लिहिलं की पोरांनाही "मला माहीत नाही" म्हणायची हिंमत येते. तुमच्या कामात तीच हिंमत बोटं वाचवते.

तुमच्याकडे ब्रेकडाउन स्लिप भरत असतीलच. तिच्यातल्याच चार गोष्टी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक मशीनच्या पॅनलशेजारी लावा. मशीन क्रमांक, स्क्रीनवरची अक्षरं, बंद पडलं तेव्हा काय चालू होतं, त्यानंतर कुठली बटणं दाबली. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे आणि पोरं तीच लपवतात, ओरडा बसेल म्हणून. त्या ओळीखाली लाल पेनाने लिहा, "खरं सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका, पहिल्या वेळी तर अजिबातच नाही. त्या पहिल्या वेळेकडे सगळ्या पाळीचं लक्ष असेल.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर, विचारणं सोडू नका. त्या ग्रुपवर परत जा. बेरीज आणि मध्यरात्र, दोन्हींची उत्तरं तिथे लिहा, काय येत होतं, काय यायला हवं होतं, कशाने जमलं. ज्या दोघांनी तुम्हाला विचारलं होतं त्यांचे आभार माना. तिसऱ्याला काही लिहू नका.

पण त्याआधी, या आठवड्यात तो मुलगा ज्या पाळीत असेल त्या पाळीला जा आणि त्याला बाजूला घेऊन विचारा, त्या रात्री रिसेट दाबण्याआधी स्क्रीनवर त्याला काय दिसलं होतं. तो सांगत असताना मध्ये बोलू नका. तो जे सांगेल ते मला कळवलंत तर बरं वाटेल.